हात वर करण्याची सोय: सरकारं दहशतवादी का पोसतात

1987च्या जुलैमध्ये तुर्कस्तानचे पंतप्रधान तुर्गुत ओझाल दमास्कसला गेले. त्या भेटीत दोन मसुद्यांवर सह्या झाल्या. पहिला पाण्याचा. युफ्रेटिस नदी तुर्कस्तानात उगम पावते, मग सीरियात आणि पुढे इराकमध्ये जाते. तुर्कस्तान तिच्यावर अतातुर्क धरण बांधत होता आणि खालच्या अंगाला सीरियाच्या पोटात गोळा आला होता. तुर्कस्तानने कबूल केलं की सेकंदाला सरासरी 500 घनमीटर पाणी सीमेपलीकडे सोडू. दुसरा मसुदा सुरक्षेचा. एकमेकांविरुद्ध कारवाया करणाऱ्यांना आपल्या भूमीवर थारा द्यायचा नाही, असं त्यात होतं.

वरवर पाहता पाण्याचा आणि सुरक्षेचा एकमेकांशी काय संबंध? संबंध एका माणसाचा होता. कुर्दिस्तान वर्कर्स पार्टीचा (पीकेके) नेता अब्दुल्ला ओजलान 1979 पासून सीरियाच्या आश्रयाला होता. त्याच्या संघटनेने 1984 मध्ये तुर्कस्तानात सशस्त्र लढा सुरू केला होता. तिची प्रशिक्षण केंद्रं लेबनॉनच्या बेका खोऱ्यात होती आणि त्या खोऱ्यावर ताबा सीरियाच्या सैन्याचा होता. सीरियाचं अधिकृत म्हणणं मात्र ठाम: हा गृहस्थ आमच्याकडे नाहीच. आता जो आपल्याकडे नाहीच, त्याला आवरण्याच्या बदल्यात पाणी मागायचं कसं? तर असं, त्याच भेटीत, वेगळ्या कागदावर.

नाक दाबलं की तोंड उघडतं. सरकारपुरस्कृत दहशतवाद हे बहुतेक वेळा असं नाक दाबणंच असतं, फक्त दाबणारी बोटं परक्याची असतात. बातम्यांमध्ये हा शब्द संतापाने येतो आणि तो संताप रास्त आहे. पण ज्या बंद खोलीत असा निर्णय होतो, तिथे तो आयात शुल्क, निर्बंध, सीमेवरचे लष्करी सराव यांच्याच रांगेत बसलेला असतो. शेजाऱ्याकडून काहीतरी हवंय, विनंतीला तो भीक घालत नाही आणि उघड युद्ध परवडणारं नाही. मग उरतो तिसरा मार्ग.

व्याख्येच्या दलदलीत फार शिरत नाही, कारण संयुक्त राष्ट्रंच तिथे रुतून बसली आहेत. दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा प्रस्ताव भारताने 1996 मध्ये मांडला. तो अजून मार्गी लागलेला नाही. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना काय म्हणायचं आणि सरकारी फौजांनीच सामान्य माणसांवर केलेला हिंसाचार यात धरायचा की नाही, यावर गाडं अडतं. इथे कामापुरतं एवढं पुरे: राजकीय हेतूने, लोकांमध्ये धाक बसवण्यासाठी निःशस्त्र माणसांवर केलेला हिंसाचार म्हणजे दहशतवाद, आणि तो करणाऱ्यांना एखादं सरकार जाणूनबुजून बळ देतं तेव्हा तो सरकारपुरस्कृत.

बळ म्हणजे पैसा आणि बंदुका हे सहज डोळ्यांसमोर येतं. 1987 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘एकसुंद’ नावाचं जहाज पकडलं गेलं, त्यात लिबियाहून आयआरएसाठी (उत्तर आयर्लंडमधून ब्रिटनला हटवण्यासाठी लढणारी संघटना) निघालेली सुमारे 150 टन शस्त्रं होती. अशी खेप पकडली गेली की छायाचित्रं छान येतात. पण संघटना वर्षानुवर्षं टिकते ती साध्या गोष्टींवर: खरा वाटणारा पासपोर्ट, दूतावासातला ओळखीचा माणूस, जखमींसाठी दवाखाना आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीमेपलीकडची अशी जागा, जिथे रात्री निर्धास्त झोपता येतं. बंदूक काळ्या बाजारात मिळते, निर्धास्त झोप फक्त सरकारच देऊ शकतं. म्हणून आश्रय ही मदतीतली सर्वांत महागडी वस्तू आहे. नुसतं न पाहिल्यासारखं करणं हीसुद्धा मदतच. आयआरएसाठी अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं वर्गणी गोळा होत होती. अमेरिकी सरकारने आयआरएला पोसलं असं कुणी म्हणणार नाही, पण लंडनमध्ये बसलेल्याला ती वर्गणी कशी दिसत असेल याची कल्पना करा.

सरकारला हे काम स्वतःच्या माणसांकडून करून घेता येत नाही का? येतं, पण स्वतःचा माणूस पकडला गेला की सगळं उघडं पडतं. 1987 च्या नोव्हेंबरअखेर बगदादहून सोलला निघालेल्या कोरियन एअरच्या विमानात एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुणी चढली. पासपोर्ट जपानी, नातं बापलेकीचं. अबू धाबीला दोघं उतरली, सामानाच्या कप्प्यातला रेडिओ आणि दारूची बाटली मात्र तिथेच राहिली. रेडिओत स्फोटकं होती, बाटलीत द्रवरूप स्फोटक. अंदमानच्या समुद्रावर विमान फुटलं, 115 जण गेले. दोन दिवसांनी बहारीनच्या विमानतळावर या जोडीला अडवलं, तेव्हा दोघांनी सिगारेटमध्ये लपवलेलं सायनाइड चावलं. म्हातारा मेला, तरुणी वाचली. किम ह्योन-हुई तिचं नाव. पुढे तिने सगळं सांगितलं: आदेश उत्तर कोरियाचा, हेतू 1988 चं सोल ऑलिंपिक उधळण्याचा. एक सिगारेट नीट चावली गेली नाही आणि एका देशाचं बिंग फुटलं.

आणि हे फक्त बदनाम राजवटीच करतात असं समजू नका. 1985 च्या जुलैमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज बॉम्ब लावून बुडवण्यात आलं, त्यात एक छायाचित्रकार मेला. हे जहाज फ्रान्सच्या अणुचाचण्यांना विरोध करायला निघालं होतं. दोनच दिवसांत स्विस पासपोर्टवरचं एक ‘नवरा-बायको’ जोडपं भाड्याची गाडी परत करताना सापडलं. ते फ्रेंच गुप्तचर खात्याचे अधिकारी निघाले. पॅरिसने आधी कानांवर हात ठेवले, सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांना कबुली द्यावी लागली. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या मध्यस्थीने तडजोड झाली: फ्रान्सने 70 लाख डॉलर द्यायचे आणि ब्रिटनमध्ये जाणाऱ्या न्यूझीलंडच्या लोण्याला युरोपीय बाजारात आडकाठी करायची नाही. लोणी! एका माणसाच्या मृत्यूवरच्या तडजोडीत लोण्याचं कलम आहे, ते परराष्ट्र धोरणाच्या इतिहासात नीट वाचायला हवं.

तर स्वतःचा हात सापडतो, म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक. या सगळ्या व्यवहारात विकत घेतली जाते ती मुळात एकच गोष्ट, हात वर करण्याची सोय. करून सवरून नामानिराळं राहता आलं, तर समोरच्या देशाला युद्ध पुकारायला कारणच सापडत नाही. तो सैन्य हलवेपर्यंत जग विचारतं, पुरावा कुठे आहे? दुबळ्याला बलाढ्याशी लढायला हे फार सोयीचं पडतं. 23 ऑक्टोबर 1983 ला बैरुतमध्ये स्फोटकांनी भरलेला ट्रक अमेरिकी मरीन सैनिकांच्या इमारतीत घुसला, 241 अमेरिकी मेले. काही मिनिटांत दुसऱ्या स्फोटात 58 फ्रेंच सैनिक मेले. त्याच्या आदल्या वर्षीच इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डने बेका खोऱ्यात तळ टाकला होता, लेबनॉनमधली हिजबुल्लाह ही सशस्त्र शिया संघटना त्यातूनच उभी राहत होती. इराणने आपला हात असल्याचं नाकारलं. अमेरिकी न्यायालयाने 2003 मध्ये जबाबदारी इराणवरच ठेवली. (मेलेले सैनिक होते, मग याला दहशतवाद म्हणायचं का, असा वाद अभ्यासक घालतात. घालू देत.) अडीच-तीन लाखांची फौज जे करू शकली नसती ते दोन वाहनांनी केलं: फेब्रुवारी 1984 मध्ये अमेरिकी मरीन लेबनॉनमधून निघून गेले. जगातल्या अनेक राजधान्यांनी त्या दिवसाची नोंद घेतली असणार.

दुसरं कारण यंत्रणेचं, आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही. पाकिस्तान 1971 च्या युद्धात अर्धा देश गमावून बसला. समोरासमोरच्या लढाईत भारतापुढे निभाव लागत नाही हे तिथल्या लष्कराला कळलं होतं, पण नुसत्या कळण्याने छुपं युद्ध उभं राहत नाही. 1980 च्या दशकात अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्ध लढण्यासाठी अमेरिकेचा आणि सौदी अरेबियाचा पैसा आला आणि तो वाटण्याचं काम आयएसआयकडे होतं. तळ उभे राहिले, कोठारं भरली, हे काम जाणणारे अधिकारी तयार झाले. 1989 मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या आणि ही सगळी जुळवाजुळव मोकळी झाली. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात असंतोष भडकला होता. तो असंतोष पाकिस्तानने जन्माला घातला नव्हता, पण तेल ओतायला सगळा सरंजाम तयारच होता.

या धंद्यातली खरी गोम मात्र पुढे आहे. सरकारला दोन गोष्टी हव्या असतात, ताबा आणि अंतर. आपण सांगू तेच, सांगू तेव्हाच व्हावं. आणि आपण सांगितलं हे कुणाला कळू नये. या दोन्ही एका वेळी पुरेपूर मिळत नाहीत. ताबा वाढवला की धागेदोरे मागे राहतात. अंतर वाढवलं की पोसलेला गडी स्वतःच्या मनाने वागू लागतो. कुठलंही प्रकरण घ्या, ते या दोन टोकांमध्ये कुठेतरी लटकलेलं दिसेल.

ताब्याचं टोक म्हणजे 26 नोव्हेंबर 2008 ची मुंबई. दहा हल्लेखोर, 166 मृत्यू. हल्लेखोर हॉटेलांत आणि नरीमन हाऊसमध्ये असताना कराचीतले सूत्रधार इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनने त्यांच्याशी बोलत होते. टीव्हीवर काय दिसतंय ते सांगत होते, ओलिसांचं काय करायचं ते सांगत होते. भारतीय यंत्रणांनी ते बोलणं ऐकलं आणि ध्वनिमुद्रित केलं. हल्ला साठ तास लांबला त्याला या फोनचा हात होता, आणि पुरावा मिळाला तोही या फोनमुळेच. त्यात अजमल कसाब जिवंत सापडला. पाकिस्तानने आधी तो आपला नागरिकच नाही असं म्हटलं. जानेवारी 2009 मध्ये तिथले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी तो पाकिस्तानी असल्याचं उघडपणे मान्य केलं, तर त्यांनाच पदावरून काढलं. गंमत अशी की त्याच सुमारास त्यांच्या सरकारच्या माहिती मंत्र्यांनीही तेच मान्य केलं. गोष्ट खरी होती. ती कुणी, कधी, कुणाला विचारून बोलायची, यावरून खुर्ची गेली. पुढे डेव्हिड हेडलीने अमेरिकी न्यायालयात सांगितलं की मुंबईच्या रेकीसाठी त्याला ‘मेजर इक्बाल’ नावाच्या आयएसआय अधिकाऱ्याने 25,000 डॉलर दिले. आयएसआयशी संबंध पाकिस्तान आजही नाकारतो.

अंतराचं टोक 1914 चं आहे. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणाऱ्या पोरांकडचे बॉम्ब सर्बियाच्या क्रागुयेवात्सच्या सरकारी कारखान्यातले होते. त्यांना मदत करणारा कर्नल द्रागुतिन दिमित्रियेविच, टोपणनाव ‘एपिस’, हा सर्बियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख होता. पण पंतप्रधान निकोला पाशिच आणि या कर्नलचं हाडवैर होतं. मग हे ‘सर्बियाने’ केलं का? एका खात्याच्या प्रमुखाने केलेलं काम देशाचं मानायचं का? ऑस्ट्रियाने मानलं आणि पुढे काय झालं ते जग जाणतंच. एपिसला तीन वर्षांनी त्याच्याच सरकारने, दुसऱ्याच एका आरोपावरून, गोळ्या घातल्या. ‘अमुक देशाने केलं’ असं वाक्य वाचलं की मला दर वेळी हा कर्नल आठवतो. देश एका डोक्याने विचार करत नाही, आणि काही वेळा वरच्या खुर्चीवरच्या माणसाने मुद्दामच विचारलेलं नसतं.

पोसलेला उलटला की आपल्याकडे लगेच भस्मासुराचं नाव निघतं, इतकं की आता ते ऐकूनही काही वाटत नाही. पण भारताच्या बाबतीत ते झालं आहे, हे टाळून हा लेख लिहिणं लबाडीचं ठरेल. 1983 नंतर भारताने श्रीलंकेतल्या तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली. एलटीटीई त्यांतलाच एक. हेतू हाच, कोलंबोचं नाक दाबणं. 1987 मध्ये करार झाला, भारतीय शांतिसेना तिथे गेली आणि काही आठवड्यांत त्याच एलटीटीईशी लढू लागली. 1990 मध्ये सेना परतली तेव्हा हजाराहून जास्त भारतीय जवान कामी आले होते. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. हिंसेला बळ देताना आपण फक्त दोरी ढिली सोडतो असं वाटतं, पण दुसऱ्या टोकाला स्वतःचं ध्येय असलेला माणूस असतो. त्याला आपली गरज असते तोवर दोघांच्या हिशोबाची बेरीज जुळते.

आता कायदा. शस्त्रं देणं, पैसे देणं म्हणजे त्या गटाने केलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी देशावर येते का? हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो अमेरिकेविरुद्ध. निकाराग्वातल्या डाव्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांना सीआयएने उभं केलं, पैसा दिला, छापील पुस्तिकासुद्धा दिली. 27 जून 1986 च्या निकालात न्यायालयाने अमेरिकेला दोषी धरलं: बंदरांत सुरुंग पेरल्याबद्दल, बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देऊन दुसऱ्या देशाच्या कारभारात ढवळाढवळ केल्याबद्दल. पण कॉन्ट्रांनी गावांमध्ये जे अत्याचार केले त्यांची जबाबदारी मात्र अमेरिकेवर टाकली नाही. त्यासाठी त्या त्या कारवाईवर अमेरिकेचा ‘प्रभावी ताबा’ होता हे सिद्ध व्हायला हवं, आणि ते झालेलं नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे पोसल्याचा दोष लागतो, पण पोसलेल्याने केलेल्या खुनाचा लागेलच असं नाही. मघाशी सांगितलेल्या त्या अंतराला कायद्यानेच किंमत दिली. अमेरिकेने निकाल मानला नाही, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला.

पुरावा हातात असूनही तो दाखवणं महागात पडतं. 5 एप्रिल 1986 ला बर्लिनच्या ‘ला बेल’ या अमेरिकी सैनिकांच्या नेहमीच्या डिस्कोत स्फोट झाला. अमेरिकेने त्रिपोली आणि पूर्व बर्लिनमधला लिबियाचा दूतावास यांच्यातले गुप्त संदेश पकडले होते. हवाई हल्ला करताना अध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवरून त्या संदेशांचा मजकूर सांगितला. जगाला पटलं, पण आपले संदेश कुणीतरी वाचतंय हे लिबियालाही कळलं. न्यायालयाचा निकाल यायला 2001 उजाडलं, तोही बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची दप्तरं उघडली म्हणून. दूतावासाचा हात शाबीत झाला, लिबियाचे सर्वेसर्वा गद्दाफी यांचा व्यक्तिशः झाला नाही.

न्यायालयं इतकी संथ, म्हणून देशांनी दहशतवाद पोसणाऱ्यांच्या आपापल्या याद्या केल्या. सर्वांत गाजलेली अमेरिकेची. ती 1979 च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा तिच्यात लिबिया, इराक, दक्षिण येमेन आणि सीरिया होते. यादीत नाव गेलं की शस्त्रविक्री, मदत आणि कर्जं बंद होतात. पण ही यादी न्यायाधीशाच्या वहीसारखी वाचू नये. इराकचं नाव 1982 मध्ये निघालं, कारण इराणशी लढणारा इराक अमेरिकेला हवा होता. कुवेत गिळल्यावर 1990 मध्ये ते परत चढलं. सुदान 2020 मध्ये सुटला, तो पीडितांसाठी 33.5 कोटी डॉलर भरून आणि इस्रायलशी संबंध जोडायला तयार होऊन. पाकिस्तानला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इशारा मिळाला, यादीत नाव कधीच गेलं नाही. त्याच्यावर जास्त परिणाम झाला तो एफएटीएफ या दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीचा, 2018 ते 2022. बँकेचे व्यवहार अडतात तेव्हा सरकारं जितक्या झटपट हलतात, तितकी निषेधाच्या ठरावांनी हलत नाहीत.

मग हे थांबतं कसं? बहुधा पोसणाऱ्याचा हिशोब बदलला की. 1998 च्या शरदात तुर्कस्तानने सीरियाच्या सीमेवर सैन्य आणून ठेवलं आणि सरळ युद्धाची भाषा केली. सोव्हिएत संघ बुडालेला, पाठीशी कुणी नाही. सीरियाचे अध्यक्ष असद यांनी गणित मांडलं. 9 ऑक्टोबरला ओजलानला दमास्कस सोडावं लागलं, 20 ऑक्टोबरला अदानात करार झाला. जो इतकी वर्षं आपल्याकडे नव्हताच, त्याला यापुढे येऊ देणार नाही असं सीरियाने लिहून दिलं. चार महिन्यांनी नैरोबीत तो पकडला गेला. त्याआधी 1994 मध्ये ‘कार्लोस’ नावाने गाजलेल्या दहशतवाद्याला सुदानने असंच फ्रान्सच्या हवाली केलं होतं. एके काळी त्याला अनेक राजधान्यांत दारं उघडी असत.

लिबियाने तर आकडाच ठरवला. 21 डिसेंबर 1988 ला स्कॉटलंडच्या लॉकर्बी गावावर पॅन अॅमचं विमान कोसळलं, विमानातले 259 आणि जमिनीवरचे 11 जण गेले. 2001 मध्ये एका लिबियन अधिकाऱ्याला शिक्षा झाली. त्या निकालावर आजही वाद आहेत. 2003 मध्ये लिबियाने आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी घेतली आणि दर मृतामागे 1 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, पण हप्त्यांनी: संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की 40 लाख, अमेरिकेचे उठले की आणखी 40 लाख, आणि दहशतवादी देशांच्या यादीतून नाव निघालं की उरलेले 20 लाख. नाव 2006 मध्ये निघालं. कुटुंबांच्या त्या शेवटच्या हप्त्याची तजवीज व्हायला 2008 चा ऑक्टोबर उजाडला.